रेषा कुठली ते नंतर, आधी साल लिहा

भारत-चीन सीमेवरच्या प्रबंधात कुठली सीमारेषा धरावी, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि माझं एम.फिल.चं दुसरं वर्ष डोळ्यांपुढे उभं राहिलं. लडाखमधल्या चिनी धोरणावर प्रबंध, हाताशी पाच पुस्तकं, पाचांत पाच वेगळ्या रेषा, आणि मार्गदर्शक म्हणतात "एक रेषा धरा आणि पुढे चला". त्यांचं बाकी सगळं ऐका, एवढं एक ऐकू नका. मी ऐकलं होतं.

मॅकमोहन रेषा, सिमला परिषद, पंचशील करार ही सीमावादाची पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून थेट माझ्या चुकीवर येते. चीन किती पुढे सरकला ते दाखवायला मी चीनची दावारेषा, म्हणजे चीन आपली सीमा म्हणून सांगतो ती रेषा, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली आणि तो कागद आजच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर (दोन्ही देशांचा प्रत्यक्ष ताबा जिथे विभागतो ती रेषा) ठेवला. मधली पट्टी लाल पेन्सिलीने रंगवली, क्षेत्रफळ काढलं आणि अख्खं चौथं प्रकरण त्या आकड्यावर उभं केलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "ही दावारेषा 1956ची की 1960ची?" मला सांगता आलं नाही. चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी डिसेंबर 1959च्या पत्रात 1956चा चिनी नकाशा बरोबर असल्याचं नेहरूंना कळवलं होतं. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या बैठकांत चीनने मांडलेली रेषा त्याहून पश्चिमेला होती. माझ्या ट्रेसिंगमध्ये वरचा तुकडा एकीचा, खालचा दुसरीचा. प्रकरण पुन्हा लिहिण्यात चौदा महिने गेले, शिष्यवृत्ती तोवर संपली होती.

प्रमाणाकडेही बघा. माझा मूळ नकाशा 1:40,00,000चा होता. त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाची रेघ म्हणजे जमिनीवर 2 किलोमीटर. लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या काठी फिंगर 4 ते फिंगर 8 (सरोवराकडे उतरणाऱ्या डोंगरसोंडांना दिलेले क्रमांक) हे अंतरच साधारण 8 किलोमीटर, आणि 2020चा दोन्ही सैन्यांमधला तिथला पेच त्याच पट्ट्यावरून होता. वादातला पाव हिस्सा माझ्या शाईखाली गेला होता.

त्या चौदातले पाच महिने एका कार्यालयाने खाल्ले. नाव घेत नाही. जुने नकाशे पाहण्यासाठी केलेला अर्ज तीनदा परत आला: एकदा शिक्का पुसट, एकदा सहीखाली तारीख नाही, एकदा नुसतंच "विषय संवेदनशील". 1960च्या त्या बैठकांचा अहवाल भारत सरकारने 1961मध्येच छापलाय, आणि त्यात दोन्ही देशांनी आपापली रेषा खिंडी, नद्या, अक्षांश-रेखांशांसकट शब्दांत सांगितली आहे, हे खिडकीपलीकडून एकानेही सांगितलं नाही. मला तो शेवटी आमच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. अजूनही आठवलं की संताप होतो. तुम्ही सगळं बाजूला ठेवून आधी तो वाचा.

आता माझं मत, आणि ते मतच समजा. मी लष्करातली नाही, चिनी वाचता येत नाही, अनुवादांवरच विसंबते. "चीन विस्तारवादी आहे" एवढ्या वाक्यावर प्रबंध उभा राहत नाही. जमिनीवरच्या 14 शेजाऱ्यांपैकी 12 जणांशी त्याने सीमा ठरवून घेतली आहे. ताजिकिस्तानकडे दावा होता सुमारे 28,000 चौरस किलोमीटरचा, पदरात घेतले हजाराच्या आसपास. राहिले भारत आणि भूतान, दोघेही तिबेटला लागून. अक्साई चीनमधला (भारत लडाखचा भाग मानतो त्या, चीनच्या ताब्यातल्या पठारावरचा) रस्ता 1957मध्ये पूर्ण झाला तो चीनचा शिनजियांग प्रांत आणि तिबेट जोडायला; मार्च 1959मध्ये ल्हासात उठाव झाल्यावर बीजिंगसाठी त्याचं मोल आणखी वाढलं. मला तरी या सगळ्याचं मूळ तिबेट हातात ठेवण्यात दिसतं. आणि तिथे रेषा धूसर राहणं चीनच्या सोयीचं आहे. 2000मध्ये दोन्ही देशांत सीमेच्या मधल्या क्षेत्राचे (हिमाचल-उत्तराखंडकडचे) नकाशे दिले-घेतले गेले, 2002मध्ये पश्चिम क्षेत्राचे (लडाखकडचे) नुसते दाखवले गेले, पुढे काम अडलं ते अडलंच. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेची लांबी भारत 3,488 किलोमीटर सांगतो, चीन सुमारे 2,000. यातली कुठली "एक" धरणार तुम्ही?

आपल्याकडे 1962 म्हटलं की "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" इथूनच सुरुवात होते. यशवंतरावांबद्दल मलाही मनापासून आदर आहे, पण ते संरक्षणमंत्री झाले नोव्हेंबर 1962मध्ये. तुम्हाला लागणारे कागद 1954 ते 1960चे आहेत. जुलै 1954मध्ये नेहरूंनी नकाशांवर सीमा पक्की दाखवायला सांगितली, त्याच्या आधीचा आणि नंतरचा भारतीय नकाशा शेजारी ठेवून बघाच.

जाता जाता: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी बाह्यसीमा प्रसिद्ध करणं 1961च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी बाह्यसीमा त्यांचीच ठेवली आणि चिनी रेषांचं वर्णन मजकुरात दिलं. मी वकील नाही, छापण्याआधी जाणकाराला विचारा.

माझ्या वहीत एक तक्ता आहे: रेषा, साल, कोणी मांडली, कोणत्या कागदात. हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, फोटो पाठवते.