भोपळ्याच्या शेतावर जाताना : वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून आमच्याकडे पंपकिन पॅचविषयी, म्हणजे जिथे जाऊन आपला भोपळा निवडून आणता येतो त्या शेताविषयी, प्रश्न येऊ लागतात. बहुतेक पत्रांचं गाऱ्हाणं एकच असतं : हौसेनं आणलेला भोपळा आठवड्यात सडला. त्याचं कारण घरापेक्षा शेतात, भोपळा उचलण्याच्या त्या दोन मिनिटांत, जास्त वेळा सापडतं. म्हणून या वेळी त्यावर थोडं सविस्तर.

प्रश्न : शेतावर नेमकं कधी जावं? हॅलोवीनच्या आदल्या शनिवारी गेलो तर चालेल का?

चालेल, पण हाती फार काही लागणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चांगले भोपळे निवडून गेलेले असतात आणि उत्तरेकडच्या राज्यांत एखाद-दुसरं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडून गेलेलं असतं. दहिवर लागलेल्या भोपळ्याच्या सालीवर पाणी मुरल्यासारखे मऊ डाग दिसतात. असा भोपळा टिकत नाही. ऑक्टोबरचा पहिला ते तिसरा आठवडा सर्वांत चांगला. त्यातही दुसऱ्या सोमवारी येणारी कोलंबस डेची सुट्टी धरून येणारा शनिवार-रविवार टाळा, कारण त्या दोन दिवसांत शेतावर सर्वाधिक गर्दी असते. लहान मुलं असतील तर शेत उघडतं त्या वेळी, सकाळीच पोहोचा.

सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाला असेल तर बेत निदान दोन दिवस पुढे ढकला. प्रश्न चिखलापुरता नाही. पाणी साचलेल्या जमिनीतून फायटॉप्थोरा नावाचा रोग भोपळ्यांना लागतो. फळ तोडताना ते धडधाकट दिसतं आणि चार-सहा दिवसांत खालून बसतं.

हॅलोवीनला भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा लावतात. घ्यायचा लवकर आणि कोरायचा उशिरा, हे धोरण ठेवा. न कापलेला, निरोगी भोपळा दोन-तीन महिने सहज राहतो. कोरलेला जेमतेम तीन ते सात दिवस.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही सर्वांत मोठा, गोल, केशरी भोपळा निवडला. मुलीनं तो देठाला धरून गाडीपर्यंत आणला. सहाव्या दिवशी तो पायरीवर फुटून पाणी झालं. काय चुकलं?

देठाला धरलं, हे चुकलं. देठ म्हणजे मूठ नव्हे. मोठ्या भोपळ्याचं वजन पेलण्याची ताकद त्यात नसते. तो मुळाशी किंचित जरी हलला, तरी साल आणि देठ यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते आणि तिथून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. बाहेरून काही दिसत नाही. भोपळा नेहमी खालून, दोन्ही हातांनी, कडेवर बाळ घेतल्यासारखा उचलावा. १२ इंच व्यासाचा भोपळा साधारण १५ ते २० पौंड भरतो, म्हणजे मुलांनी उचलायचा भोपळा लहानच असावा. ‘तुला कवेत घेऊन गाडीपर्यंत नेता येईल तोच तुझा’ हा नियम शेतात शिरण्याआधीच सांगितला, तर पुढची रडारड वाचते.

आता निवड. आधी देठ पाहा. तो कडक, जाड आणि शक्यतो हिरवट असावा. वेलीवर भुरी रोग येऊन पानं लवकर वाळली असतील तर देठ बारीक, तपकिरी आणि ठिसूळ होतो. असे भोपळे रंगानं सुरेख असले तरी ठेवा बाजूला. मग अंगठ्याचं नख सालीवर हलकेच दाबा. पक्व साल नखाला दाद देत नाही. नख रुतलं तर फळ कोवळं आहे. (ही परीक्षा जो भोपळा घ्यायची खरी इच्छा आहे त्याच्यावरच करावी. नखाची खूण म्हणजे दुसऱ्याच्या भोपळ्याला केलेली जखम.) त्यानंतर तो उलटा करून बूड पाहा, कारण सड तिथून सुरू होते. जमिनीला टेकलेल्या बाजूचा फिका पिवळा डाग हा दोष नाही, पण तो भाग मऊ, ओलसर असेल किंवा त्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी असेल तर भोपळा तिथेच सोडा. उतारावरच्या शेतात वरच्या अंगाला फिरा. सखल भागात, जिथे पाणी उभं राहतं, तिथले भोपळे कितीही मोठे असले तरी भरवशाचे नसतात.

वेलीवरून स्वतः तोडायची परवानगी असेल तर कात्री किंवा छाटणीची कैची विचारून घ्या. देठ तीन ते चार इंच लांब ठेवून कापा. पिरगाळून ओढलं की देठ मुळातून निखळतो. वेलीला बारीक काटेरी लव असते, म्हणून मुलांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गाडीत भोपळा पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा जुन्या टॉवेलच्या वेटोळ्यात बसवा. वळणावर गडगडून एकमेकांवर आपटलेले भोपळे आतून ठेचकाळतात.

अनेक ठिकाणी, विशेषतः शहरांत, भोपळे दुसरीकडून आणून गवतावर मांडलेले असतात. त्यात वाईट काही नाही. मात्र ते किती हात फिरून आले आहेत हे देठच सांगतो, म्हणून तिथे पारख दुप्पट करा. जाण्याआधी भाव वजनावर आहे, आकारावर आहे की सरसकट, आणि तिकिटात भोपळा धरला आहे का, हेही विचारून घ्या.

प्रश्न : हॅलोवीनसाठी आणलेल्या भोपळ्याचे घारगे केले, पण ते कडक आणि बेचव झाले. अमेरिकेतला भोपळाच वेगळा असतो का?

हो, वेगळा असतो, आणि शेतावर गेलात तर नेमका हवा तो निवडण्याची संधी असते. कोरण्यासाठी लावतात ते हाउडन किंवा कनेटिकट फील्ड यांसारखे वाण. त्यांची साल कडक, आत पोकळी मोठी आणि गर पातळ, धाग्याधाग्यांचा, पाणचट. दिव्यासाठी उत्तम, कढईसाठी नाही. गरात पाणी जास्त असलं की कणीक जास्त मावते. कणीक वाढली की गोडी उतरते आणि घारगा कडक होतो. तुमच्या घारग्यांचं हेच झालं.

भारतातला लाल भोपळा बहुतेक करून मोस्काटा जातीचा असतो. त्या चवीच्या जवळ जायचं असेल तर शेतावर ‘लाँग आयलंड चीज’ आहे का विचारा : चपटा, फिक्या बदामी सालीचा, चीजच्या चाकीसारखा दिसणारा. तोही मोस्काटाच, आणि बटरनट स्क्वॉशही त्याच कुळातला. इथे डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर इलिनॉयमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होतो. तोही केशरी भोपळ्याचा नसून डिकिन्सन नावाच्या बदामी सालीच्या मोस्काटाचा असतो. मोस्काटा ओळखायची खूण म्हणजे त्याचा देठ फळाला टेकतो तिथे पसरट होतो. कोरायच्या भोपळ्याचा देठ कडक, धारदार कंगोऱ्यांचा असतो. चीज भोपळा नसेल तर ‘शुगर’ किंवा ‘पाय पंपकिन’ म्हणून विकतात तो दोन ते पाच पौंडांचा लहान भोपळा घ्या. त्याचा गर दाट असतो.

गर उकडण्याऐवजी भाजा. भोपळा उभा चिरून, बिया काढून, कापलेली बाजू खाली करून ४०० अंश फॅरनहाइटला पाऊण ते एक तास ठेवा. सुरी सहज आरपार गेली की झालं. गर कुस्करून पातळ फडक्यात तासभर टांगा. जे पाणी निथळेल तेच तुमच्या घारग्यांचं वैरी होतं. चार पौंडांच्या भोपळ्यातून तीन ते चार कप गर निघतो. तो गरम असतानाच किसलेला गूळ त्यात विरघळवा, आणि मावेल तेवढीच कणीक घाला. उरलेला गर डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. घरी बाटलीबंद करू नका. दाट गराच्या मधोमध उष्णता पुरेशी पोहोचत नाही, म्हणून अमेरिकेचं कृषी खातंही भोपळ्याचा गर घरी कॅनिंग करू नये असंच सांगतं.

एक गोष्ट ठामपणे : शिजवण्याआधी कच्च्या गराचा कण जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा टाकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडतात, त्यातला कुकुर्बिटासिन हा कडू, विषारी पदार्थ यातही असू शकतो आणि तो शिजवून जात नाही. शोभेचे छोटे, रंगीबेरंगी गोर्ड तर खाण्यासाठी नसतातच.

प्रश्न : दोन आणि पाच वर्षांची मुलं, शिवाय भारतातून आलेले आई-बाबा. सगळ्यांना एकत्र नेणं जमेल का?

जमेल. आई-बाबांसाठी, शेतात फिरवणाऱ्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीची उंची आधी फोनवर विचारा. काही गाड्यांना पायऱ्या असतात, काहींना नुसतं चढावं लागतं, आणि बसायच्या पेंढ्याच्या गठ्ठ्याला पाठ टेकायला आधार नसतो. गुडघे दुखत असतील तर भोपळे प्रवेशाजवळच मांडलेलं शेत बरं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोणी उठायचं नाही, हात-पाय बाहेर काढायचे नाहीत, आणि दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन गाडीच्या मधल्या बाजूला बसायचं. लहान चाकांची बाबागाडी नांगरटीत रुतते. शेतावर हातगाडी मिळते, तीत भोपळेही येतात आणि दमलेलं मूलही.

कॉर्न मेझ, म्हणजे मक्यातला चकवा, मुलांना फार आवडतो. मका मोठ्या माणसांच्याही डोक्यावर असतो, त्यामुळे पाच वर्षांचं मूल पाच पावलांत दिसेनासं होतं. आत जाण्याआधी शौचालय, पाणी आणि भेटायची जागा, हे तिन्ही उरका. मोठ्या मेझऐवजी लहान मुलांसाठी गवताच्या गठ्ठ्यांचा बुटका मेझ असेल तर तोच घ्या, त्यात मूल डोळ्यांसमोर राहतं.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शेळ्या-मेंढ्यांना हात लावण्याच्या वाड्याची. निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या शेणातही ई. कोलाय हा जंतू असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास सर्वांत तीव्र होतो. वाड्यात दुधाची बाटली, चोखणी, खाऊ काहीही नेऊ नका. बाहेर आल्यावर साबण आणि वाहत्या पाण्यानं २० सेकंद हात धुवा. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी जनावरं, मग हात धुणं, मग खाणं.

शेतावर मिळणारा सफरचंदाचा सायडर, म्हणजे ताजा रस, पाश्चराइज केलेला (तापवून जंतू मारलेला) आहे का, हे विचारल्याशिवाय मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना देऊ नका. १९९८ पासून अप्रक्रियित रसाच्या बाटलीवर इशारा छापणं बंधनकारक आहे, पण पेल्यात ओतून विकलेल्या रसाला ते लागू नाही. गोड रसावर पिवळ्या गांधीलमाश्याही जमतात, तेव्हा पेला झाकलेला ठेवा.

प्रश्न : भोपळा कोरल्यावर तो जास्त दिवस कसा टिकवावा?

हॅलोवीनच्या दोन दिवस आधी कोरा, हाच खरा उपाय. झाकण तिरकं कापा म्हणजे ते आत पडत नाही, आणि एका कडेला खाच ठेवा म्हणजे परत बरोबर बसतं. आतले धागे चमच्यानं पूर्ण खरवडा, कारण बुरशी तिथेच धरते. चेहऱ्याच्या बाजूची जाडी साधारण एक इंच ठेवा. मुलांनी चित्र काढावं आणि बिया काढाव्यात, दातेरी सुरी मोठ्यांच्या हातात. मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा लावा. मेणबत्तीच्या उष्णतेनं झाकण शिजतं आणि सैल पडतं, शिवाय सैल पोशाखातली मुलं जवळून जातात. कोरून बाहेर ठेवलेला भोपळा खाऊ नये. बिया मात्र लगेच धुऊन, पुसून, थोड्या तेलात घोळवून ३०० अंश फॅरनहाइटला अर्धा-पाऊण तास भाजा आणि मधून हलवा.

प्रश्न : ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणलेले भोपळे थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) राहतील का?

राहतील. घरी आल्यावर माती पुसून, एक गॅलन पाण्यात एक टेबलस्पून ब्लीच घालून भोपळा पुसा आणि पूर्ण कोरडा करा. त्या पाण्यात व्हिनेगर मिसळू नका. मग ५० ते ५५ अंश फॅरनहाइटच्या कोरड्या, हवेशीर जागी, पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर, एकमेकांना न टेकवता ठेवा. सिमेंटच्या फरशीवर खाली ओल धरते. ५० अंशांखाली बराच काळ राहिले तर थंडीनं पेशी खराब होतात, म्हणून रात्री गोठणार असेल तेव्हा अंगणातले आत घ्या. आठवड्याला एकदा उलटून बूड तपासा आणि मऊ पडलेला ताबडतोब वेगळा करा.

प्रश्न : मुलानं हट्टानं अर्धा हिरवा भोपळा आणला आहे. तो केशरी होईल का?

केशरी छटा एकदा सुरू झाली असेल तर होईल. उबदार, कोरड्या, उन्हाच्या जागी ठेवा आणि दर दोन दिवसांनी हिरवी बाजू उन्हाकडे फिरवा. पूर्ण हिरवा, नख रुतणारा असेल तर तो कोवळा आहे. तो केशरी होण्याआधी सुरकुतेल, तेव्हा त्यावर मुलाला आताच रंगवू द्या. रंगवलेला भोपळा पुढे जनावरांना घालू नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका.