४१ मुलांच्या ४१ वाटा : माझा अनुभव (लांबलाय, सांभाळून घ्या)

तुमची पोस्ट परवा रात्रीच वाचली होती. लिहायला बसले की मला आवरत नाही, म्हणून टाळत होते. आज बसलेच.

४१ मुलांसाठी ४१ वेगळ्या वाटा आखल्यात, दर आठवड्याला प्रत्येकाची कृतिपत्रिका वेगळी, प्रगतीच्या तक्त्यात जवळजवळ सगळे चौकोन हिरवे, आणि तोंडी काही विचारलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. चुकतंय कुठे आणि वर्षाच्या मध्यातच हे मोडावं का, असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी माझी हीच गत होती. पट ३८ होता, एवढाच काय तो फरक.

आधीच सांगून ठेवते. मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते. भाषेला किंवा विज्ञानाला हे जसंच्या तसं लागू पडेल असा माझा दावा नाही. मी या विषयातली तज्ज्ञही नाही, फक्त हात पोळलेली आहे. निदान चाचणी, उद्दिष्टं, गट पाडणं हे तुम्हाला येतंच, पोस्टवरून दिसतंय. ते सगळं सोडून देते.

माझी योजना अशी होती. सुट्टीत बसून दशांश अपूर्णांकांच्या बत्तीस कृतिपत्रिका केल्या, चढत्या क्रमाने. प्रत्येक मुलाची स्वतःची फाइल. २०पैकी १६ आले की पुढची कृतिपत्रिका, नाही आले की त्याच पातळीवरची दुसरी. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. वर्ग इतका शांत आणि कामात गढलेला असायचा की मुख्याध्यापक पाहुण्यांना मुद्दाम माझ्या वर्गावरून न्यायचे. आणि मी? मी टेबलाशी बसून तपासायचे. सगळा तास तपासणं आणि पुढचा कागद देणं. ही कामाची वाटणी मला तेव्हा खटकली नाही, हे आज आठवलं की लाज वाटते.

चौथ्या महिन्यात एक दिवस झेरॉक्स मशीन बंद पडलं. कागद नाहीत म्हणून नाइलाजाने खडू हातात घेतला आणि सहज फळ्यावर दोन संख्या लिहिल्या: ०.४५ आणि ०.६. मोठी कोणती? वर्गातला सगळ्यात पुढे असलेला मुलगा, इतरांपेक्षा चार पातळ्या पुढे, हात वर करून म्हणाला, "०.४५. पंचेचाळीस सहापेक्षा मोठे." इतकं सोपं का विचारतायत, असा चेहरा. बऱ्याच माना डोलल्या.

संध्याकाळी त्याची फाइल काढून बसले. लहानमोठेपणाच्या कृतिपत्रिकेत २०पैकी २०, त्यावर माझ्याच हातचं "उत्तम!" आणि खाली चांदणी. मग उदाहरणं पाहिली. ३.४७ आणि ३.५२. ०.१८ आणि ०.८१. सगळीकडे दशांश चिन्हापुढे दोनच अंक. म्हणजे चिन्ह नजरेआड करून नुसते आकडे बघणारं मूलही तिथे वीसच्या वीस आणणार. बेरजेच्या कृतिपत्रिकेत मी चौकटी छापल्या होत्या, चिन्हाखाली चिन्ह आधीच आलेलं. तिथेही स्थानिक किंमत कळायची गरज नव्हती. माझेच कागद त्याचा चुकीचा नियम चार महिने पक्का करत होते, आणि वर मी चांदण्या देत होते.

दुसऱ्या दिवशी छोट्या चिठ्ठ्या वाटल्या. दोनच प्रश्न. ०.४५ आणि ०.६ मध्ये मोठी कोणती, ०.७५ आणि ०.६ मध्ये मोठी कोणती. ही जोडी नीट बघा, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचा जीव तिच्यात आहे. "जास्त अंक म्हणजे मोठी संख्या" असं मानणारं मूल पहिला चुकतं आणि दुसरा बरोबर देतं. पण वर्गात आणखी एक जात असते, तिची मला तोवर कल्पनाच नव्हती. ही मुलं म्हणतात, दशांश मोठे, शतांश बारीक. मग जिच्यात शतांश आले ती संख्या लहानच असणार. ती पहिला बरोबर देतात आणि दुसरा चुकतात. माझ्या ३८ जणांत पहिल्या जातीची ११ निघाली, दुसरीची ६. दोन्हीकडे गुण तेवढेच: दोनपैकी एक. तक्त्यात ती सारखीच दिसणार, माझी योजना त्यांना एकच कागद देणार, आणि आजार मात्र अगदी उलट. पहिल्याला "अंक मोजू नकोस, स्थान बघ" सांगावं लागतं. दुसऱ्याने स्थान बघितलेलंच असतं, फक्त अर्धवट.

(थोडं अवांतर: पहिल्या नियमाला खतपाणी मीच घालत होते. मी वर्गात सर्रास "पॉइंट पंचेचाळीस" म्हणायचे. कानावर पंचेचाळीस पडलं की मूल पंचेचाळीसच ऐकणार. आता "शून्य दशांश चिन्ह चार पाच" म्हणते, नाहीतर "चार दशांश पाच शतांश". जीभ वळायला वर्ष गेलं. फुकटातला बदल आहे, उद्यापासून करा.)

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की हे जुनंच दुखणं आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात १९६०च्या दशकात अशीच एक योजना तयार झाली होती: प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे कागद, चाचणी पार झाली की पुढे. स्टॅन्ली अर्लवँगर नावाच्या संशोधकाने १९७३ मध्ये तिच्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाशी बसून झालेल्या गप्पा छापल्या. लेखात त्याचं नाव बेनी. शिक्षिकेच्या मते तो गणितात वर्गातल्या चांगल्या मुलांपैकी. आणि तो ५/१० चं दशांश रूप १.५ सांगत होता. अंश-छेदाची बेरीज करायची आणि मध्ये कुठेतरी चिन्ह द्यायचं! ४/११ चंही १.५ आणि ११/४ चंही १.५च. ०.३ अधिक ०.४ म्हणजे ०.०७. उत्तर किल्लीशी जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर दुसरं रूप लिहून बघायचं. गणित म्हणजे कुणीतरी केलेले नियम, एवढीच त्याची समजूत. या सगळ्याच्या जोरावर तो पातळ्या चढत होता. तो लेख वाचून मी रडले नाही, पण जेवण गेलं नाही.

आता कार्यालयाचं. चूक उमगल्यावर मी त्या १७ मुलांना दोन पातळ्या मागे आणलं. वरून एका कार्यालयाने आम्हाला प्रगतीचा तक्ता दिलेला, दर शनिवारी भरून पाठवायचा. त्यात पातळी पुढे न्यायची सोय होती, मागे आणायची नव्हती. मागचा आकडा टाकला की ती ओळच घेत नसे. फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, मूल मागे कसं जाईल? शिकलेलं शिकलेलंच ना." मी कागदावर लिहून पाठवलं. महिन्याने लेखी खुलासा मागवला: अमुक आठवड्यात १७ विद्यार्थ्यांची प्रगती कमी का झाली? मी अडीच पानं लिहिली, ०.४५ आणि ०.६ सकट. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र आमच्या शाळेपुढे लाल खूण. तुमचे चौकोन हिरवे आहेत म्हणून लिहिलंत ना, ते हिरवे राहायलाच बनवलेले असतात असं माझं स्पष्ट मत आहे. सगळीच कार्यालयं अशी नसतील. मला भेटलेलं होतं.

नंतर मी दोन वह्या ठेवायला लागले, एक त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. हे बरोबर की चूक यावर वाद घालू नका, प्लीज.

प्रशिक्षणात तुम्हालाही तो आकडा दाखवला असेल. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम, १९८४: एकास एक शिकवलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे. मग लगेच पुढच्या स्लाइडवर प्रत्येकाला वेगळा कागद नाहीतर संगणकाचा वेगळा पडदा. अहो, त्या प्रयोगांत मुलाशेजारी माणूस बसला होता! तो विचारत होता, ऐकत होता, चाचणी घेऊन चुकलेलं पुन्हा शिकवत होता. आणि तो आकडाही पुढे तसा टिकला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माणसाने एकट्या मुलाला शिकवण्याचा फायदा ब्लूमच्या दोन प्रमाण विचलनांऐवजी (गुण किती पसरलेत ते मोजायचं माप; ते ९८ टक्के म्हणजे अशी दोन) ०.७९ निघाला. तोही कमी नाहीच. पण वेगळा कागद म्हणजे वेगळं शिकवणं नव्हे, एवढं तरी त्या स्लाइडखाली बारीक अक्षरात लिहायला हवं होतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं असं मला वाटतं. अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेटका गावातल्या शाळांत कार्लटन वॉशबर्न यांनी १९१९ पासून प्रत्येकाच्या गतीने गणित आणि शुद्धलेखन चालवलं, पण दिवसाचा मोठा हिस्सा गटाच्या आणि सर्जनशील कामाला राखून ठेवला. आपण त्यातलं अर्धंच उचललं.

मी आता काय करते ते सांगते, पण नियम म्हणून घेऊ नका. नवी कल्पना कधीच एकट्याच्या कागदावर देत नाही. ती सगळ्यांसमोर, फळ्यावर, वाद घालत. चुकीच्या उत्तराला वर्गात वकील मिळाला पाहिजे; ०.४५ वाला मुलगा बोलला तेव्हाच बाकीच्यांना आपण काय समजून बसलोय ते कळलं. तास संपताना दोन प्रश्नांची चिठ्ठी. प्रश्न असे निवडायचे की चुकीचं उत्तर स्वतःच आपलं कारण सांगेल. स्टाफरूममध्ये चिठ्ठ्यांचे ढीग करायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशीचे गट त्या ढिगांवरून, फक्त त्या एका कल्पनेपुरते, दोन दिवसांसाठी. मग मोडायचे. गट कायमचे झाले की मुलं स्वतःला "ढ गट" म्हणायला लागतात, मग त्यांना तुम्ही कितीही फुलांची नावं द्या.

आणि रोज चार मुलांशी तीन-तीन मिनिटं. शेजारी बसायचं, एक उदाहरण द्यायचं आणि "हे कसं केलंस?" विचारून गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यात कठीण, माझी जीभ अजून मध्ये येते. त्याने जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत वहीत एका ओळीत. तुमच्या ४१ जणांना दहा-अकरा दिवसांत एक फेरी होते. तेवढा वेळ बाकीचे काय करतात? त्यांना आधीच येतं त्याचा सराव. इथे तुमच्या त्या कृतिपत्रिका उपयोगी पडतील, फेकू नका. फक्त चुकलेली उदाहरणं मोजण्याऐवजी ती कोणत्या जातीची आहेत ते बघा. २०पैकी १६ आणि चुकलेली चारही एकाच प्रकारची, तर ते मूल पास झालेलं नाही. सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही हे बघतं का, हे विकणाऱ्याला तोंडावर विचारा. काही बघत असतीलही.

शिकण्याच्या शैलींची प्रश्नावली भरून घेताय असंही शेवटी लिहिलंय. बघून शिकणारा, ऐकून शिकणारा, करून शिकणारा. माझ्या मते तो वेळ वाया जातोय. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरचं संशोधन तपासलं, आणि शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. दशांश समजायला शंभर घरांचा चौकोन सगळ्यांनाच बघावा लागतो, ऐकून शिकणाऱ्यालाही.

मध्यातच मोडावं का? एकदम नको. मी एकदम मोडलं आणि मुलांना वाटलं आपण काहीतरी गुन्हा केला. तो पुढे असलेला मुलगा तर महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या फाइलवर चार महिने चांदण्या मी दिल्या होत्या, आणि एका दिवसात त्याला सांगितलं की तुला येत नाही. चूक माझ्या कागदांची आहे, हे त्याला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही तेवढं करा. आठवड्यातले दोन तास फळ्यावर आणा, फाइली चालू राहू देत, चिठ्ठ्या सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत कोणत्या वाटा खऱ्या आणि कोणत्या नुसत्या कागदावरच्या, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

तुमचा सध्या कोणता घटक चालू आहे ते लिहाल का? अपूर्णांक असेल तर अशा प्रश्नजोड्या माझ्या वहीत बऱ्याच आहेत. ऋण संख्यांच्या थोड्या आहेत, त्यातल्या दोन अजून वर्गात तपासलेल्या नाहीत. टाइप करायला रविवार लागेल.