पोर्टेबल बँडसॉने पाइप कापताना ब्लेडचे दात का तुटतात?

पोर्टेबल बँडसॉ म्हणजे पट्ट्यासारखं गोल ब्लेड दोन चाकांवर फिरवणारी, हातात धरायची करवत. दात तुटले तर बहुतेक वेळा दोष मशीनचा नसून ब्लेडच्या निवडीचा असतो. पाइपच्या भिंतीच्या जाडीत एका वेळी किमान २-३ दात बसलेच पाहिजेत. नाहीतर दात कडेला अडकतो आणि तुटतो. ३ मिमी भिंतीच्या पाइपला इंचाला २४ दातांचं ब्लेड लावा, जाड भरीव सळईला १० ते १४ दातांचं.

पाइप व्हाइसमध्ये घट्ट आवळा. मशीनचा पुढचा स्टॉप (पाइपला टेकवायचा आधार) पाइपला आधीच टेकलेला हवा, नाहीतर ब्लेड पकडताच मशीन झटक्याने पुढे ओढलं जातं. मग दोन्ही हातांनी धरून मशीन सुरू करा, ब्लेडने वेग घेतला की अलगद टेकवा. वरून दाबू नका, मशीनचं वजन पुरतं. काप संपत आला की उलट थोडं उचलून धरा.

ब्लेड चाकांवरून सारखं उतरत असेल तर आधी प्लग किंवा बॅटरी काढा आणि चाकांवरचे रबरी टायर बघा. त्यात रुतलेला बुरा ब्रशने काढा. रबर चिरलं असेल तर टायर बदला. गाइड रोलर (ब्लेडला सरळ ठेवणारी छोटी चाकं) बोटाने मोकळे फिरतात का, तेही तपासा. वीजेच्या मशीनवर पाणी किंवा कूलंट (ब्लेड थंड ठेवणारं द्रव) अजिबात ओतू नका, ब्लेडला कटिंग वॅक्स (कापताना घर्षण कमी करणारं मेण) लावा.