सिलिंडरला हात लावण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गोव्यातल्या मालिमच्या जेटीवर स्कूबा डायव्हिंगला आलेल्या एका मुलीचा हवेचा सिलिंडर तू उचललास, ती "असू दे, माझा मी घेते" म्हणाली आणि तू दिवसभर खट्टू होऊन बसलास. "मदत करणं हासुद्धा आता गुन्हा झाला का?" असं विचारलंयस. गुन्हा नाही रे. पण तू ज्याला मदत म्हणतोस त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: गरज बघून दिलेला हात आणि ती बाई म्हणून दिलेला हात. डाइव्हमास्टर, म्हणजे लोकांना पाण्याखाली नेणारा वाटाड्या, व्हायचं असेल तर त्या निवडून वेगळ्या करायला आत्ताच शीक. आपल्या कामात चुकीच्या जागी केलेली मदत कधी कधी जिवावर बेतते.

आधी वजनाचं बोलू. आपण वापरतो तो ॲल्युमिनियमचा ८० घनफुटी सिलिंडर हवा भरल्यावर १७ किलोच्या आसपास होतो. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) आणि रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) जोडला की बावीस-तेवीस किलो. तो जेटीवरून हलत्या बोटीत चढवणं जिकिरीचं असतं, पाय घसरला तर बोटं चेंगरतात. म्हणून ते काम खलाशांचं आणि तुझं. मग ते सगळ्यांसाठी कर. पुण्याहून आलेल्या साठीच्या काकांचा सिलिंडर चढव, जिममध्ये दंड कमावलेल्या पोराचा चढव आणि त्या मुलीचाही चढव. तीन पुरुषांना ओलांडून तुझा हात नेमका तिच्याच सिलिंडरकडे गेला असेल, तर "तुला झेपणार नाही" एवढंच तिच्या कानावर पडलं. ज्या गोव्यात बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठतात, तिथे वजनाचा संबंध बाईपणाशी लावायचं कारणच नाही. संबंध आहे तो पाठीशी, गुडघ्याशी, सवयीशी. निघण्याआधी सगळ्या बोटीला एकदाच विचार, "कुणाची पाठ किंवा गुडघा दुखतो का? कुणाला पाण्यातच बीसीडी चढवायची आहे का?" पहिला हात बहुधा एखाद्या पुरुषाचाच वर येईल.

शंका आली की मनात तिच्या जागी तिच्याच चणीचा, तिच्याइतकेच डाइव्ह केलेला मुलगा उभा करून बघ. त्याच्यासाठी हात पुढे झाला असता का? झाला असता, तर खुशाल कर.

आता मुख्य गोष्ट, सिलिंडरचा नळ. कुणी पाण्यात उतरायला उभं राहिलं की मागून येऊन "हवा चालू आहे ना?" म्हणत नळ फिरवायची खोड आपल्या बोटींवर फार आहे, आणि बायकांच्या पाठीशी ती जास्त होते, कारण "तिने विसरलं असेल" असं गृहीत धरलेलं असतं. नळाकडे तोंड करून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट फिरवला की उघडतो. पण बोट हलते आहे, तू वाकून वरून बघतो आहेस, घाई आहे. अशा वेळी दिशा चुकते. चुकून नळ पूर्ण बंद होतो, मग पाव फेरा मागे घेतला की थोडासा उघडतो. वर श्वास व्यवस्थित येतो, हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरवर २०० बार, म्हणजे भरलेला सिलिंडर, दिसतो, आणि ती उडी मारते. १० मीटर खोल गेलं की दाब दुप्पट, म्हणजे त्याच श्वासाला दुप्पट हवा लागते. तेवढी हवा त्या फटीतून येत नाही. श्वास जड होतो, माणूस घाबरतो, आणखी जोरात ओढतो, आणि हवा आणखी अपुरी पडते.

नळ पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी पद्धत याच घोळामुळे मागे पडली. आता पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. खात्री करायची रीतही साधी आहे. ज्याची बीसीडी त्याने रेग्युलेटर तोंडात धरून, मीटरच्या काट्यावर नजर ठेवून तीन-चार खोल श्वास घ्यायचे. श्वास घेताना काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर नळ अर्धवट आहे. काटा स्थिर राहिला तर ठीक. तुला शंका आलीच तर तोंडाने बोल, "ताई, मीटर बघत दोन श्वास घ्या." आणि हात लावावाच लागला, तर सांगून लाव आणि नंतर तिला पुन्हा श्वास घ्यायला लाव. नळाला शेवटचा हात दुसऱ्या कुणाचा लागला असेल, तर तिने आधी केलेली तपासणी रद्द झाली असं समज. हे बोट चालवणाऱ्या तांडेलालाही सांग, कितीही वर्षांचा अनुभवी असला तरी.

पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात, वेट बेल्टमध्ये, घालतात त्या शिशाचं तर विचारूच नकोस. "बायका तरंगतात, आणखी दोन किलो टाक" असं म्हणत वेट बेल्ट भरणारे कमी नाहीत. सरासरीने बायकांच्या अंगात चरबी जास्त असते हे खरं, पण तुझ्यासमोर सरासरी उभी नसते, एक माणूस उभं असतं. पाण्यात मोजून बघ. बीसीडी रिकामी, रेग्युलेटर तोंडात, नेहमीसारखा श्वास भरून धरायचा आणि पाय न हलवता उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असताना ही तपासणी केली तर वर साधारण २ किलो धर, कारण २०० बारवरून ५० बारवर येईतो जवळपास तेवढ्या वजनाची हवा संपलेली असते, आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी शेवटी तरंगायला लागतो.

अंदाजाने शिसं चढवलं की ती बुडू नये म्हणून बीसीडीत जास्त हवा भरते. ती हवा पाण्याच्या खोलीप्रमाणे फुगते-आकसते आणि ती मुलगी वर-खाली होत राहते. पाय लोंबतात, फिन्सनी गाळ उडतो. ग्रँड आयलंडजवळ बऱ्याच दिवशी जेमतेम तीन-चार मीटरच दिसतं, तेही जातं. हवा लवकर संपते. मग बोटीवर आल्यावर कुणीतरी म्हणतं, "मुलींना बॉयन्सी, पाण्यात एका पातळीवर राहणं, जमत नाही." चूक बेल्ट भरणाऱ्याची, शिक्का मात्र तिच्यावर. याची मला खरोखर चीड येते.

बीसीडीचंही तेच. मोठ्या मापाची बीसीडी छोट्या बांध्यावर चढवली की पाण्यावर हवा भरताच ती कानांपर्यंत सरकते आणि सिलिंडर पाठीवर एका बाजूला कलंडतो. एक्स्ट्रा स्मॉल आणि स्मॉल मापं संख्येने पुरेशी हवीत. बुटक्या, सडपातळ पुरुषांनाही तीच लागतात. पट्टे आवळताना छातीवरची आणि कमरेची क्लिप ज्याची त्याला लावू दे. तू समोर उभा राहून स्वतःच्या बीसीडीवर दाखव. एखादा पट्टा पिळवटला असेल तर "डाव्या खांद्याचा पट्टा सरळ करू का?" असं विचार, आणि "हो" ऐकल्यावरच हात लाव.

पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांना धरावंच लागतं, तिथे संकोच करून चालणार नाही. पण कुठे धरणार ते बोटीवरच, कोरड्या अंगाने, सगळ्यांसमोर सांग: "मी मागून सिलिंडरच्या वरच्या हँडलला धरेन. बीसीडीत हवा भरायची-सोडायची डाव्या खांद्यावरची ही नळी माझ्या हातात असेल. गरज पडली तर दंडाला धरेन." मुलगा असो, मुलगी असो, वाक्यं तीच. माहीत असलेल्या स्पर्शाने कुणी दचकत नाही, आणि १२ मीटरच्या आतल्या त्या पाण्यात दचकणं परवडतही नाही.

ब्रीफिंग देताना तुझे डोळे कुठे असतात ते बघ. कोल्हापूरहून नवरा-बायको येतात, प्रश्न ती विचारते, उत्तर आपण त्याला देतो. पाण्यात "हवा किती?" ही खूणही त्यालाच. प्रत्येकाला वेगळं विचार. बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, ठरवताना एकूण किती डाइव्ह झाले, शेवटचा कधी केला आणि हवा किती वेगाने संपते, एवढंच बघ. "तिला माझ्याकडे दे, मी सांभाळतो" हे शंभर डाइव्ह केलेल्या बाईला ऐकवू नकोस. लहान चणीच्या माणसाला हवा सहसा कमी लागते, त्यामुळे आधी ५० बारला येणारा बहुधा तो दांडगा गडी असतो. जोडी त्याच्याबरोबर वर येते. तेव्हा डाइव्ह कुणामुळे आटोपला याची चर्चाच नको.

बोटीवर कुणी "हे बायकांचं काम नव्हे" म्हणालंच, तर वाद घालत बसू नकोस. कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका सिलिंडरशिवाय, एका श्वासावर बुडी मारून समुद्रातलं अन्न काढतात, युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांची परंपरा वारसा म्हणून नोंदवली. सिल्व्हिया अर्ल १९७० मध्ये चार बायकांसह दोन आठवडे समुद्राखालच्या घरात राहिल्या. एवढं सांग आणि कामाला लाग.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल बोटीवर कुणी बोलत नाही. शौचालय नसलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे येतं आणि लघवी जास्त तयार होते. वर ऊन, उलट्या. शरीरातलं पाणी कमी होणं हे डीकंप्रेशन आजाराचा (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचा) धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरलं जातं. म्हणून निघण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे आणि परत यायला किती तास लागतील, हे सगळ्यांना सांग. कपडे बदलायला जाड पडदा बांध. पाळी असली तरी डाइव्ह करता येतो, त्याची चौकशी करायचं कारण नाही. गरोदरपणात करू नये, पण ते आरोग्याच्या अर्जात विचारलेलं असतं. तो अर्ज प्रत्येकाला आपला आपण शांतपणे भरू दे, मोठ्याने वाचून विचारू नकोस.

या सगळ्यापलीकडची गोष्ट म्हणजे वेटसूटवरून केलेली शेरेबाजी, न विचारता काढलेले व्हिडिओ, गरज नसताना रेंगाळणारा हात. त्याला मदतीचा गैरसमज म्हणू नकोस, तो छळ आहे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथे नोकरी न करणाऱ्या बाईलाही तक्रारीचा हक्क देतो. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. असं करणारा आपल्यातलाच असला तर तिथल्या तिथे थांबव, आणि ती बाई तक्रार करायची म्हणाली तर तिच्या बाजूने उभा राहा.

शनिवारी बोट आहे म्हणालास. शुक्रवारी संध्याकाळी बीसीडी मापाप्रमाणे लावून ठेव, छोट्या पुढे. शिशाचे एक-एक किलोचे तुकडे वेगळे काढ. ती मुलगी बोटीवर असली तर माफीचं भाषण नको. ती सिलिंडर उचलत असेल तर बाजूला हो, रस्त्यातली दोरी उचल. ग्रँड आयलंडला पोचल्यावर इतरांना विचारशील तसंच तिलाही विचार, "हवा किती?"

तुझी,
ताई