उत्तर आयर्लंडचा अलायन्स पक्ष ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूचा आहे की आयर्लंडच्या एकीकरणाच्या?

आज तो अधिकृतपणे दोन्ही बाजूंचा नाही. हा निर्णय 1998 च्या गुड फ्रायडे करारानुसार (उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षावरचा शांतता करार) जनतेने बहुमताने करावा, असं तो म्हणतो. मात्र 1970 मध्ये स्थापना झाली तेव्हा ब्रिटनशी जोडलेलं राहणं त्याने स्वीकारलं होतं, त्यामुळे जुन्या लेखांत तो 'युनियनवादी' (ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूचा) दिसला तर ते चूक नाही. दोन्ही बाजूंच्या पक्षांचं संयुक्त सरकार त्याला हवंच आहे, पण सध्याची पद्धत नको. विधानसभेत प्रत्येक आमदाराला युनियनवादी, राष्ट्रवादी (आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूचा) किंवा 'इतर' अशी नोंद करावी लागते आणि महत्त्वाच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांची संमती लागते. 'इतर'च्या मताला तिथे कमी वजन राहतं, आणि हा मला उघड अन्याय वाटतो. नोव्हेंबर 2001 मध्ये युनियनवादी नेते डेव्हिड ट्रिम्बल यांची फर्स्ट मिनिस्टरपदी (तिथल्या सरकारच्या प्रमुखपदी) निवड व्हावी म्हणून अलायन्सच्या काही आमदारांना स्वतःची नोंद तात्पुरती 'युनियनवादी' अशी बदलावी लागली होती! शिवाय एका मोठ्या पक्षाने अंग काढून घेतलं की सरकारच कोसळतं; 2022 ते 2024 दरम्यान तेच झालं. शिक्षणात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांनी एकाच वर्गात शिकावं, हा त्यांचा जुना आग्रह. 2022 चा एकात्मिक शिक्षण कायदा त्यांच्याच केली आर्मस्ट्राँग यांनी मांडलेल्या विधेयकातून आला. त्याने चर्चशी जोडलेल्या शाळा बंद होत नाहीत. एकात्मिक शाळांना पाठबळ देणं शिक्षण खात्यावर बंधनकारक होतं.