इंग्लंडमधलं खरंच जुनं वाटणारं नदीकाठचं गाव कोणतं?

एका दिवसात बघून होईल, नदी असेल आणि खरंच जुनं वाटेल असं गाव विचारलंय तुम्ही. यॉर्क, बाथ सगळेच सांगतील, मी म्हणेन ट्यूक्सबरीला जा.

सेव्हर्न आणि एव्हनच्या संगमावरचं गाव, म्हणजे पूर पाचवीलाच पुजलेला. आजूबाजूला सगळी पुराची जमीन, गाव पसरणार कुठे, मग लोकांनी मेन रोडवरच्या घरांच्या मागेच एकामागे एक घरं बांधली आणि ये-जा करायला बोळ ठेवले. त्यातले बरेच अजून आहेत, एकात तर मला उघडी छत्री मिटून घ्यावी लागली. २००७ च्या पुराचे फोटो गूगल करा, सगळीकडे चहासारखं पाणी आणि मधोमध अ‍ॅबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च, बेटासारखी उभी!

ही अ‍ॅबी ११२१ सालची. पण मेन स्टोरी १४७१ ची, इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजघराणी लढत होती तेव्हाची. सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट, तिला सैन्य घेऊन सेव्हर्न ओलांडून वेल्सला जायचं होतं, वाटेतल्या ग्लॉस्टर शहराने दरवाजे उघडलेच नाहीत, म्हणून दमलेलं सैन्य इथपर्यंत आलं आणि ४ मेला विरुद्ध घराण्याच्या राजा चौथ्या एडवर्डने त्यांना इथेच गाठून हरवलं. मार्गारेटचे हरलेले सरदार अ‍ॅबीत लपले, देवाच्या दारात कोण हात लावणार असं वाटलं असेल, पण त्यांना बाहेर काढून दोन दिवसांत गावात मुंडकी उडवली. आत सॅक्रिस्टीचा, म्हणजे पूजेचं सामान ठेवायच्या खोलीचा, एक दरवाजा आहे, त्याला आतून लोखंडी पत्र्याचे तुकडे ठोकलेत, ते रणांगणावरच्या चिलखतांचे आहेत असं सांगतात. पत्र्यांना भोकं आहेत, ती बघून मी जरा गप्पच झालो.

पुढे आठव्या हेन्रीने देशातले मठ बंद केले तेव्हा ही अ‍ॅबीपण पाडणार होते, पण गावकऱ्यांनी ४५३ पौंड देऊन विकत घेतली. किंमत कशाची, तर घंटा आणि छपराच्या शिशाची, म्हणजे चक्क भंगाराच्या भावात.

मार्गारेटचा १७ वर्षांचा मुलगा त्याच लढाईत गेला. त्याच्या नावाची पितळी पाटी जमिनीवर आहे. तिथेच मान वर करून छत बघा, सोनेरी सूर्य दिसतील, ते जिंकलेल्या एडवर्डचं चिन्ह.

ट्रेनने जाणार असाल तर अ‍ॅशचर्चला उतरा, तिथून गाव जवळच आहे. जुलैत मेडिव्हल फेस्टिव्हल असतो, लढाई परत करून दाखवतात, त्या वीकेंडला मात्र गाडी नेऊ नका.