उघड्या हातांचा झेल

प्रिय सोन्या,

काल मंडळाच्या सहलीत मी क्रिकेटचा बॉल उघड्या हातांनी झेलला, तेव्हा तू विचारलंस, "आई, मराठी माणसं ग्लोव्ह का नाही घालत? लागत नाही का?" तिथल्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

लागतं रे. पण मी साताऱ्याच्या बोळात विटी-दांडू खेळत वाढले. तिथे विटी झेलली की खेळणारा बाद, मग हाताचा विचार कोण करतं? क्रिकेटमध्येही चेंडू अडवायला ग्लोव्ह फक्त यष्टिरक्षकाला. बाकीच्यांनी ओंजळ करायची आणि चेंडू तीत पडला की हात छातीकडे घ्यायचे, पाहुण्याला हाताला धरून घरात आणतो तसे. हात ताठ ठेवलास तर चेंडू निसटतो आणि तळवा कितीतरी वेळ झिणझिणत राहतो.

आणि असं खेळणारे काही आपणच नाही. अमेरिकेतल्या ज्या सिनसिनाटीत तू वाढतोयस, तिथेच बिड मॅकफी नावाचा बेसबॉलपटू होऊन गेला. 1882 ते 1899 असे 18 हंगाम तो याच शहराकडून दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांपैकी दुसऱ्या टप्प्यापाशी, खेळला. तिथे जमिनीला घासून सणसणत चेंडू येतात. त्याच्या सोबतचे जवळजवळ सगळे ग्लोव्ह घालू लागले, तरी हा उघड्या हातांनीच उभा! हात निबर व्हावेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. हंगामाच्या सुरुवातीला जरा झोंबतं, मग सवय होते, असं त्याचं म्हणणं. 1886 साली त्याने 529 पुटआउट केले, म्हणजे तितक्या वेळा समोरच्या खेळाडूला स्वतः बाद केलं. दुसऱ्या बेसवर एका हंगामातला तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

मला मात्र त्याचं 1896 साल जास्त आवडतं. बोट दुखावलं आणि त्याने, वयाच्या छत्तिशीत, ग्लोव्ह चढवला. त्या वर्षी आलेल्या शंभरातल्या जवळजवळ 98 चेंडूंवर त्याने चूक केली नाही. त्या जागेवर तोवर इतकं चोख कुणी खेळलं नव्हतं. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, त्याचं नाव लागलं ते 2000 साली, तो जाऊन 57 वर्षं झाल्यावर. फार उशीर केला त्यांनी.

शनिवारी मागच्या अंगणात टेनिस बॉलने सुरुवात करू, ओंजळ कशी करायची ते दाखवते. येताना तुझा ग्लोव्हही आण, मलाही तो घालून बघायचाय.

तुझी,
आई